दारातला जोड

“तिथे नको, भाऊजी. दारातच ठेवा.”

अंबादासने चपला भिंतीच्या कडेला काढल्या होत्या. गया पिठाचं ताट घेऊन आमच्या क्वार्टरकडे निघाली होती, तरी तिचं लक्ष बरोबर होतं.

“वहिनी, दारात ठेवल्या तर येणारा-जाणारा पाय देईल.”

“देऊ दे की. ह्यांना ठेच लागली पाहिजे, म्हणून तर ठेवायच्या.”

ह्यांना म्हणजे मला. मी आत पॅनलसमोर उभा होतो. अंबादास माझ्याकडे बघून हसला. त्याने चपला उचलून बरोबर उंबऱ्याच्या मधोमध ठेवल्या आणि कपाटातून वीज मंडळाचे जाड रबरी तळाचे बूट काढले. ते त्याला अजिबात आवडायचे नाहीत. “पायाला जेल झाली,” असं म्हणतच तो नाड्या बांधायचा. त्याच्या उजव्या चपलेचा अंगठा तुटलेला होता. तो त्याने तांब्याच्या तारेने बांधला होता. लाइनमन माणूस, चांभाराकडे कशाला जाईल.

मी तेव्हा घोगरवाडी फाट्याच्या वीज उपकेंद्रावर ऑपरेटर होतो. फाट्यावर एक चहाची टपरी, बाकी चारी बाजूंनी शेत. तारेचं कुंपण, आत मोठे ट्रान्सफॉर्मर, त्यांच्यासमोर पॅनलची खोली आणि मागे आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर. तिथून आसपासच्या गावांना लाइन जायची. प्रत्येक गावाच्या लाइनला आम्ही फीडर म्हणायचो. लाइनवर काम करायचं असलं की लाइनमन माझ्याकडून परमिट घ्यायचा, त्याची एक प्रत माझ्याकडे राहायची. मी आधी पॅनलवरचा स्विच बंद करायचो, मग यार्डातलं लोखंडी हँडल खाली ओढून त्याला कुलूप लावायचो. लाइन मेली की तो पोलवर चढायचा. काम संपवून तो परत यायचा, परमिट परत करायचा, मग मी लाइन चालू करायचो. मधल्या वेळात कुणी हात लावायचा नाही. एवढा साधा नियम.

पण तो नियम आमच्याच उपकेंद्रावर एकदा मोडला होता. मी तिथे बदलून जायच्या आधीची गोष्ट. दोन ऑपरेटरांची पाळी बदलली, परमिटची चिठ्ठी चहाच्या कपाखाली राहिली, नव्याने आलेल्याने लाइन चालू केली. पोलवर माणूस होता. त्याची बायको पुढे फाट्यावर भरणाऱ्या आठवडी बाजारात भाजी विकायची. एका बाजारी गया तिच्याजवळ बसून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी लाइनमन आले तेव्हा पदर खोचून दारात उभी राहिली.

“आजपासून पोलवर जाईल त्याने पायातल्या चपला ह्या दारात काढायच्या. आला की घालायच्या. दारात जोड असेल तोवर ह्यांनी हँडलला हात लावायचा नाही.”

“वहिनी, परमिट असतं की,” कुणीतरी म्हणालं.

“चिठ्ठी कुणाचीही असते. चप्पल त्याचीच असते.”

सगळे हसले. वहिनींनी उपकेंद्राचं देऊळ केलं म्हणाले. पण महिन्याभरात कुणाचा पाय चपला काढल्याशिवाय निघेना. शिवाय चपला काढल्या की मंडळाचे बूट घालावे लागत. ते गयाच्या मनात आधीपासून होतं की नाही, मला माहीत नाही. तिने कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तर त्या दिवशी अंबादास निंबगव्हाणची लाइन जोडायला निघाला होता. चैत्रातल्या वादळात त्या गावचे पोल आडवे झाले होते. आठवडा उलटून गेला तरी गाव अंधारात. नळाची मोटार बंद, पिठाची गिरणी बंद. गावातून तालुक्याच्या ऑफिसला फोन गेला की तिथला क्लार्क एकच वाक्य म्हणायचा, “लाइनवर माणूस आहे, काम चालू आहे.” खरं तर तेव्हा पोलसुद्धा आले नव्हते. सगळ्या तालुक्याला ते वाक्य पाठ होतं. लहान पोरं आईने कामाला हाक मारली की म्हणायची, लाइनवर माणूस आहे.

पोल अखेर आले, उभेही राहिले. आता ओढ्यापलीकडे, टेकडीच्या मागे तार जोडायची राहिली होती. ती जागा गावातून दिसत नव्हती आणि रस्त्यावरूनही नाही. मदतनीस रजेवर, म्हणून अंबादास एकटाच निघाला. चुकून आलेला करंट जमिनीत उतरवायला लाइनवर टाकायची अर्थिंगची साखळी आमच्याकडे एकच होती आणि ती दुसऱ्या गावच्या कामावर गेली होती.

“संध्याकाळपर्यंत होईल?” मी विचारलं.

“झालं नाही तर निंबगव्हाणवाले मला पोलला बांधतील,” तो म्हणाला आणि सायकलवर टांग टाकून गेला.

ऊन तापलं तेव्हा ट्रॅक्टर आले. आधी एक, मागून दुसरा, दोन्हीच्या ट्रॉल्या माणसांनी भरलेल्या. पुढे बसला होता जालिंदर पैलवान. निंबगव्हाणचा माजी सरपंच. कुस्ती सोडून बरीच वर्षं झाली होती, पण मान अजून तशीच, खांद्यात रुतलेली. त्याच्या शेजारी सुदाम होता. सुदाम गावातल्या विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. त्याला विजेतलं सगळं येतं असं त्याला वाटायचं, आणि बरंचसं येतही होतं. त्याच्या हातात पहार होती.

मी फोन उचलला. फोनला आवाज नव्हता. येताना त्यांनी तार तोडली होती.

फाटकाचं कुलूप त्यांनी काढलं नाही, फाटकच बिजागरीतून उचलून बाजूला ठेवलं. मग घोषणा देत यार्डातून पॅनलच्या खोलीकडे आले. मी दार लावून घ्यायला पुढे झालो आणि अंबादासच्या चपलांना अडखळलो. तेवढ्यात पैलवान दारात आला.

आणि इथे एक गोष्ट घडली. तेव्हा माझं तिच्याकडे लक्षच गेलं नाही. पैलवान सगळा जन्म तालमीत गेलेला माणूस. उंबऱ्याशी चपलांचा जोड दिसला आणि त्याने सवयीने स्वतःच्या चपला काढल्या. मागच्याने पुढच्याचं बघून काढल्या, त्याच्या मागच्यानेही. खोली गयाने सकाळीच पुसलेली होती, समोर दसऱ्याला पूजलेल्या पॅनलवर हळदीकुंकवाची बोटं आणि गणपतीचा फोटो होता. मारायला आलेली माणसं एकामागून एक चपला काढून आत आली.

“चालू कर,” पैलवान म्हणाला.

“पैलवान, लाइनवर माणूस आहे.”

खोलीभर हसू फुटलं. खदखदून नाही, चिडलेलं हसू.

“ऐकलं का रे? लाइनवर माणूस हाय,” मागून कुणीतरी म्हणालं. “आज तरी नवीन काही सांगायचं ना, साहेब.”

“खरंच आहे. अंबादास खिल्लारे. ओढ्याच्या पलीकडे गेलाय. हे बघा परमिट.”

सुदामने परमिट माझ्या हातातून घेतलं, वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. “तुम्हीच लिहिता, तुम्हीच दाखवता. मी आत्ता ओढ्यावरून आलोय. कुत्रंपण नाही तिथं.”

“टेकडीच्या मागे आहे. जाऊन बघून या. तोवर मी इथेच आहे.”

“आम्ही बघायला जायचं आणि तुम्ही पोलिसांना बोलवायचं,” सुदाम म्हणाला.

पैलवान माझ्या तोंडाजवळ आला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. “देविदासराव, नळाला पाणी नाही म्हणून माझी सून मळ्यातल्या विहिरीवर गेली. काल पायरीवरून पडली. पाय मोडलाय तिचा. सातवा महिना आहे. आता मला माणूस-बिणूस सांगू नका.”

मी पॅनलसमोर दोन्ही हात पसरून उभा राहिलो. दोघांनी मला धरून ओढलं आणि खुर्चीत बसवलं. एकाने डावा हात धरला, एकाने उजवा. मी सुटायला धडपडलो तेव्हा एक थप्पड बसली. कुणाची ते दिसलं नाही.

सुदाम पॅनलसमोर गेला. त्याने बोट फिरवत निंबगव्हाणचा स्विच शोधला आणि फिरवला. खटका वाजला आणि लाल दिवा लागला. आमच्याकडे लाल म्हणजे चालू. त्याने उलटं केलं होतं. आधी यार्डातलं हँडल वर करायचं असतं, मग स्विच. आता पॅनलपासून हँडलपर्यंत करंट येऊन उभा होता. त्याच्या आणि अंबादासच्या मध्ये फक्त ते हँडल उरलं होतं, आणि त्याला एक पितळी कुलूप.

“आता हँडल,” सुदाम म्हणाला आणि पायात चपला सरकवून, पहार घेऊन बाहेर गेला. मी ओरडलो. माझ्या तोंडावर कुणीतरी टॉवेल धरला.

पहारीचा पहिला घाव ऐकू आला तेव्हा गया आली.

क्वार्टर मागे होतं, तिला सगळं ऐकू गेलं असणार. हात कोपरापर्यंत पिठाने भरलेले होते. ती पळत आली नाही. दाराशी येऊन थांबली. आधी खाली बघितलं, मग माझ्याकडे, मग पॅनलवरच्या लाल दिव्याकडे. आणि पुन्हा खाली.

“पैलवानभाऊ,” ती म्हणाली, “दरोडा घालायला आलात, आणि चपला काढून आलात?”

दोघेतिघे हसले. पैलवानाने आपल्या पायांकडे बघितलं. मला वाटतं त्याला तेव्हाच कळलं की आपण अनवाणी आहोत.

“बाई, तुम्ही मध्ये पडू नका.”

“मी कशाला पडू. तुमची पोरंबाळं तहानेली आहेत, दिसतंय मला. करा चालू. मी काही अडवत नाही.”

मी तिच्याकडे बघतच राहिलो. तोंडावर टॉवेल होता, नाहीतर मी तिला काय बोललो असतो कुणास ठाऊक. बाहेर दुसरा घाव पडला.

“फक्त ह्या वहाणांचा ढीग उचला माझ्या दारातून,” ती म्हणाली. “हँडल वर केलं की ठिणगी उडते, पळापळ होते. मग ह्याची त्याला आणि त्याची ह्याला. ज्याची त्याने पायात घाला आणि मग खुशाल चालू करा.”

यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. पैलवान मागे सरला आणि म्हणाला, “घाला रे.”

माणसं दाराकडे वळली. ढिगात हात घातले. रागाने आलेली माणसं चपला शोधायला लागली की जरा वेगळी दिसतात.

“अरे ही माझी.”

“तुझी नवी कधीपासून झाली? दे इकडं.”

“डावी सापडली, उजवी कुठं गेली?”

माझा डावा हात धरलेला माणूस उठायला लागला, तर उजव्या हातवाला म्हणाला, “तू बस. धरून ठेव. मी माझ्या घालतो आणि तुझ्या पण आणतो. कोणत्या?”

“हिरव्या पट्ट्याच्या.”

तो गेला आणि हिरव्या पट्ट्याच्या चपला घेऊन आला. मला धरून ठेवण्यात काही कमी झालं नाही.

ढीग कमी होत गेला. गया चौकटीला टेकून उभी होती, पिठाचे हात पोटाशी धरून. बाहेर पहारीचे घाव चालूच होते आणि मग एकदम थांबले. कुलूप तुटलं होतं. ती तरीही हलली नाही. तिच्या गळ्याची शीर उडताना मला खुर्चीतून दिसत होती.

“झालं का सगळ्यांचं?” तिने विचारलं.

“झालं.”

“मग हा जोड कुणाचा?”

उंबऱ्याच्या मधोमध एकच जोड राहिला होता.

“कुणाचा रे?” पैलवानाने मागे बघून विचारलं. सगळ्यांनी आपापल्या पायांकडे बघितलं. “अरे, कुणाचा राहिलाय? भिवा, तुझा?”

“माझा पायात हाय.”

“ऑपरेटरचा असंल.”

गयाने माझ्या पायांकडे बोट केलं. माझे सँडल माझ्या पायांत होते. मग ती खाली वाकली आणि उजवी चप्पल उचलून पैलवानासमोर धरली. तांब्याची तार उन्हात चमकली.

“हा लाइनमनचा जोड आहे, भाऊ. अंबादास भाऊजींचा. सकाळी इथे काढून बूट घालून गेले. घरी दोन लेकरं आहेत. तुमच्याच गावची तार जोडायला गेलेत. ते आले असते तर ह्या चपला इथे नसत्या.”

एवढी माणसं होती आणि ट्रान्सफॉर्मरची घरघर तेवढी ऐकू येत होती. प्रत्येकाच्या पायात चप्पल होती आणि एक जोड बिनपायाचा होता. परमिट त्यांनी वाचलं होतं, माझं बोलणं त्यांनी ऐकलं होतं, आणि दोन्ही खोटं धरलं होतं. चपलांना खोटं म्हणायला कुणाला जमेना.

पैलवान वळला. “सुदाम,” त्याने हाक मारली. “सुदाम, थांब.”

पण बाहेर राहिलेले लोक घोषणा देत होते आणि सुदाम ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी होता. त्याने दोन्ही हातांनी हँडल धरलं होतं.

पैलवान धावला. एवढ्या जड अंगाचा माणूस इतक्या वेगाने धावताना मी आधी बघितला नव्हता, पुढेही नाही. चप्पल त्याच्या पायातून वाटेतच निघाली. मला धरलेल्यांचे हात आपोआप सुटले होते. मी खुर्चीतून पॅनलवर झेप घेतली आणि स्विच उलटा फिरवला. लाल दिवा गेला, हिरवा लागला. खिडकीतून बघतो तर पैलवानाने सुदामचं मनगट धरलं होतं, तालमीत धरतात तसं. हँडल अर्ध्यावर आलेलं होतं. आमच्या दोघांपैकी कुणाचा हात आधी पोचला, ते मला आजही सांगता येत नाही.

पैलवानाने सुदामला बाजूला केलं, हँडल स्वतःच्या हाताने पूर्ण खाली ओढलं आणि त्याला पाठ लावून उभा राहिला.

“आता इथं कुणी येईल त्याची गाठ माझ्याशी,” तो आपल्याच माणसांना म्हणाला.

सुदाम यार्डातल्या खडीवर बसला होता. त्याने खिशातून परमिट काढलं, गुडघ्यावर ठेवून हाताने सारखं केलं आणि मला आणून दिलं. माझा गाल अजून गरम होता.

गया आत गेली आणि भाकऱ्या थापायला बसली. थोड्या वेळाने बाहेर आली आणि घोळक्याला म्हणाली, “नुसते उभे काय राहिलात? तिकडे एकटा माणूस तार ओढतोय. दोरीला हात लावायला चार जण जा. त्यांची भाकरी पण घेऊन जा, सकाळपासून पोटात काही नाही.”

चार म्हणाली, गेले ट्रॉलीभर. पुढचा प्रकार आम्हाला अंबादासने नंतर सांगितला, आणि निवृत्त होईपर्यंत सांगत राहिला. तो पोलवर होता. टेकडी उतरून ट्रॉलीभर माणसं आपल्या नावाने ओरडत येताना दिसली. त्याने सरळ पोलला मिठी मारली.

“खाली उतर,” खालून ओरडले.

“आधी काठ्या टाका.”

“काठ्या कुठल्या, दोर हाय.”

“दोर कशाला?”

“तार ओढायला. आणि भाकरी हाय, वहिनींनी दिली.”

“वहिनींचं नाव कुणीपण सांगेल. भाजी कसली आहे ते सांगा.”

त्यांनी फडकं सोडून बघितलं. “भाजी नाय. ठेचा हाय.”

तेव्हा तो उतरला. पोलवर जाणाऱ्याला गया भाजी कधी द्यायची नाही, ठेचाच द्यायची. भाजीचं तेल हाताला लागतं म्हणायची.

एवढे हात मिळाल्यावर काम भराभर झालं. इकडे पैलवान हँडलपाशीच होता. गयाने चहा पाठवला तोही त्याने तिथेच घेतला. दिवस कलला तेव्हा ट्रॉली परत आली. अंबादास पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होता, सायकल मागे. तो उतरून दाराकडे आला. पैलवान त्याच्या आधी दारात पोचला होता. त्याने खाली वाकून दोन्ही चपला उचलल्या आणि अंबादासच्या पायांसमोर सरळ मांडून ठेवल्या.

अंबादास संकोचला. “पैलवान, असं नका करू. वयाने मोठे आहात.”

“घाला,” पैलवान म्हणाला. “दिवसभर राखल्यात.”

अंबादासने बूट काढले, चपला घातल्या आणि परमिट माझ्या हातात परत दिलं. मी गयाकडे बघितलं. तिने उंबरा बघितला. उंबरा मोकळा होता.

“आता करा,” ती म्हणाली.

मी हँडल वर केलं, आत येऊन स्विच फिरवला. लाल दिवा लागला. सगळे कुंपणापाशी जाऊन उभे राहिले. शेतापलीकडे निंबगव्हाण नुसतं काळपट दिसत होतं. मग तिथे एक दिवा लागला, देवळाच्या बाजूला. मग एकदम सगळं गाव लागलं. माणसांच्या तोंडून आवाज निघाला तो घोषणेचा नव्हता. कुणी पागोटी उडवली, कुणी अंबादासला खांद्यावर घेतलं. तो वरून ओरडत होता की आता तरी मला जमिनीवर राहू द्या. ढिगातली चप्पल शोधताना भांडलेले दोघे एकमेकांच्या गळ्यात पडले होते. सुदाम तोडलेली फोनची तार जोडत होता.

ती जोडली गेली आणि लगेच फोन वाजला. तालुक्याच्या ऑफिसचा क्लार्क होता.

“निंबगव्हाणचं काय झालं? लोक यायच्या आत काहीतरी सांगायला पाहिजे.”

“चालू झालं,” मी म्हणालो.

“आणि लाइनवरचा माणूस?”

“चपला घालून चहा पितोय.”

दुसऱ्या दिवशी आमचे साहेब आले. त्यांना तक्रार हवी होती, नावं हवी होती. मी नावं सांगायच्या आधी पैलवान स्वतःच ट्रॅक्टर घेऊन हजर झाला. फाटक बसवायला माणसं आणली होती, हँडलला नवं कुलूप आणलं होतं. पोलीस ठाण्यात जाऊन आलो, सगळं माझ्या नावावर लिहून आलो, म्हणाला. ट्रॉलीतून त्याने एक लोखंडी मांडणी उतरवली. गावच्या लोहाराकडून रातोरात करून घेतलेली.

“ढिगात जोड हरवायला नको,” तो म्हणाला. त्याने ती दाराच्या शेजारी, पॅनलसमोरून बरोबर नजरेला पडेल अशी, भिंतीत पक्की बसवली. मग कुलपाची चावी काढून गयाच्या हातावर ठेवली. “वहिनी, ही कुणाकडे द्यायची ते तुम्ही सांगा.”

“जो पोलवर जाईल त्याच्या खिशात,” ती म्हणाली. साहेब उभे होते. तेही हो म्हणाले.

दोन महिन्यांनी पैलवानाच्या घरून बारशाचं बोलावणं आलं. सून पायाला प्लॅस्टर लावूनच बसली होती. मुलगी झाली होती. पाळण्यात घालताना गयाला पुढे बोलावलं.

गयाला जाऊन आता वर्ष होईल. दवाखान्यात नेलं तेव्हा घाईत तिला उचलूनच गाडीत घातलं, तिच्या चपला घरी दारातच राहिल्या. त्या अजून तिथेच आहेत. मुलगा म्हणतो, आप्पा, उचलून ठेवू का. मी म्हणतो, राहू दे. जाता-येता मला ठेच लागते.

मागच्या महिन्यात एका लग्नाहून येताना एसटी घोगरवाडी फाट्याला थांबली आणि मी उतरलो. उतरायचं काही ठरवलं नव्हतं. फाट्यावर आता दुकानांची रांग आहे. उपकेंद्राला पक्की भिंत झाली आहे, कॅमेरे लागले आहेत, फाटकावर रखवालदार बसतो. जुना ऑपरेटर म्हटल्यावर त्याने आत सोडलं. आमच्या क्वार्टरचं छप्पर गेलं आहे. पॅनलची खोली नव्याने रंगवली आहे. दाराशेजारी ती मांडणी होती. तिलाही रंग दिला होता. ती रिकामी होती. मी सवयीने सँडल काढून तिच्यावर ठेवले आणि दाराबाहेरच्या कट्ट्यावर बसलो.

आत एक मुलगी ड्युटीवर होती. ऑपरेटरचा गणवेश, केस घट्ट बांधलेले. तिचं फोनवर कुणाशी तरी बोलणं चाललं होतं, “हो, परमिट आलं परत, हँडल वर केलंय, आता चालू करते.” फोन ठेवून तिने स्विचकडे हात नेला. मग मान वळवून दाराकडे बघितलं. हात तिथेच थांबला.

ती बाहेर आली.

“हा जोड कुणाचा?”

मी मांडणीकडे बघितलं.

“माझा,” मी म्हणालो.

“उचला, काका. त्या मांडणीवर जोड असला की आम्ही लाइन चालू करत नाही. एक गाव खोळंबलंय तुमच्यामुळे.”

“परमिट तर परत आलं म्हणालीस.”

“परमिट आलं. पण जोड दिसतोय ना. ज्याचा आहे तो समोर आल्याशिवाय हात लावायचा नाही.”

“असा नियम आहे? कुणी केला?”

“कुणी म्हणजे?” ती म्हणाली. “पहिल्यापासून आहे.”

मी उठलो. सँडल उचलून पायात घातले. तिने मांडणी मोकळी असल्याचं एकदा नीट बघून घेतलं, आत गेली आणि स्विच फिरवला.